रस्त्यावरची हवा आणि आपला वाटा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



गणपतीच्या दिवसांत दिल्लीच्या हवेविषयी बोलणं काहींना अवेळी वाटेल. पाऊस होऊन गेलेला असतो, आकाश निळं दिसतं, मंडपात कोणी खोकत नाही. मी हा विषय आज घेतला तो त्यामुळेच. दिवाळीच्या सुमारास डोळे चुरचुरायला लागले, की आपण फक्त तक्रार करतो. शांतपणे विचार करायला आणि तयारी करायला हेच दिवस बरे.

आपण ‘दिल्लीची हवा’ असं म्हणतो, जणू ती सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येते. वर्तमानपत्रात रोज आकडा छापून येतो, तो ठरावीक ठिकाणी बसवलेल्या यंत्रांचा असतो. आपण मात्र रोज तास-दोन तास रस्त्यावर असतो, आणि कोणी कशाने जातो यावर त्या तासाभरात छातीत किती धूर जातो हे ठरतं.

याची चांगली मोजणी आपल्याच शहरात झालेली आहे. आयआयटी दिल्लीतील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जानेवारी ते मे या काळात ८.३ किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर, सकाळच्या गर्दीच्या वेळी, वेगवेगळ्या वाहनांतून यंत्र घेऊन प्रवास केला. मोजले ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

शहराच्या सर्वसाधारण हवेशी तुलना केली तेव्हा पायी चालणाऱ्याच्या वाट्याला सरासरी ४० टक्के जास्त कण आले. दुचाकी, रिक्षा आणि काचा उघड्या ठेवलेली मोटार यांत ३० टक्के जास्त. बसमध्ये २० टक्के जास्त, मग ती साधी असो वा एसी. आणि बसथांब्यावरही तेवढेच. मेट्रोच्या भुयारी स्थानकात ३० टक्के जास्त, पण डब्यात शिरल्यावर २० टक्के कमी. सगळ्यात सुखी कोण? काचा लावून एसी चालू ठेवलेल्या मोटारीतला माणूस. त्याच्याकडे ५० टक्के कमी!

सायकलवाल्याचा आकडा ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्याच्या भोवतालची हवा फक्त १० टक्के जास्त वाईट होती. पण तो बसून नसतो, पायडल मारत असतो. त्याला धाप लागते, तो जास्त हवा आत ओढतो आणि तेवढंच अंतर कापायला वेळही जास्त घेतो. हे सगळं हिशेबात धरलं, तर दर किलोमीटरला त्याच्या शरीरात जाणारे कण एसी मोटारीतल्या माणसाच्या नऊ पट निघाले. हवेतला फरक जेमतेम दुपटीचा. बाकीचा फरक श्वासाचा आणि वेळेचा. संशोधकांनी असंही मांडलं, की सकाळच्या गर्दीत दिल्लीत एक तास सायकल चालवणाऱ्याच्या आत जेवढे कण जातात, ते लंडन किंवा टोकियोतल्या माणसाच्या अख्ख्या दिवसाच्या मात्रेपेक्षा ४० टक्के जास्त असतात.

तेव्हा, म्हणजे २०१२ ते २०१४ या काळात, दिल्लीची सरासरी घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम होती. अलीकडच्या वर्षांत ती शंभरच्या आसपास आली आहे. आपल्या देशाची वार्षिक मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५. म्हणजे उतार पडला खरा, पण ताप गेलेला नाही.

आणखी एक मोजणी सांगतो. २०१० साली दिल्लीच्या रिक्षात बसून केलेल्या अभ्यासात सूक्ष्म कण शहराच्या हवेपेक्षा दीडपट निघाले. पण नुसती काजळी मोजली तेव्हा ती साडेतीन पटींहून जास्त, आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या आठ पटींहून जास्त! कारण शहराच्या हवेत दुरून आलेला धूर आणि धूळही मिसळलेली असते. रस्त्यावरची ताजी काजळी मात्र समोरच्या गाडीच्या नळीतून निघते. रिक्षा तर सीएनजीवर चालणारी. म्हणजे रिक्षावाला जी काजळी गिळतो, ती बरीचशी दुसऱ्यांच्या डिझेलची.

मंडळी, मला आज जे सांगायचं आहे ते हेच. जो कमी धूर करतो, तो जास्त धूर खातो. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई चालत येतात, पेपरवाला सायकलने येतो, सोसायटीचा रखवालदार बसने येतो. त्यांच्या वाट्याच्या धुरात आपल्या गाडीची भर असते, आणि आपण मात्र काच वर करून बसतो.

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांनीच गाड्या घ्याव्यात! तसं केलं तर रस्ताच उरणार नाही. शिवाय सायकल आणि चालणं वाईट ठरत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा, की हवेत १०० मायक्रोग्रॅम कण असले तरी रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात तोट्यापेक्षा फायदा जास्त; चालण्याच्या बाबतीत तर ही मर्यादा दहा तासांवर आहे. हा हिशेब सरासरी माणसाचा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग करायचं काय? काही गोष्टी स्वतःपुरत्या. थंडीत पहाटे आणि रात्री हवा जमिनीलगत कोंडते. दुपारी ती मोकळी होते. तेव्हा पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी त्या दोन महिन्यांत दुपारची वेळ धरावी. शक्य असेल तर हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याने चालावं. बसथांब्यावर कडेला न थांबता चार पावलं मागे उभं राहावं. मास्क लावायचा तर एन-९५, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. रुमालाने हे कण अडत नाहीत.

काही गोष्टी मिळून करण्याच्या. एका ऑफिसला जाणाऱ्या चौघांनी चार गाड्या काढू नयेत. मुलांना शाळेतून आणताना फाटकाशी इंजिन बंद करावं. मंडळाने मंडपासाठी डिझेल जनरेटरऐवजी रीतसर वीजजोडणी घ्यावी. आणि नोव्हेंबर लागण्यापूर्वी आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला चांगले मास्क द्यावेत, थंडीत त्यांना थोडं उशिरा यायची मुभा द्यावी. याला फार खर्च येत नाही.

मोठे बदलही होतात, हे या शहराने पाहिलेलं आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा हे होणं नाही असंच सगळे म्हणत. पंपावरच्या त्या लांबच लांब रांगा इथल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. पण २००२ संपेपर्यंत बसगाड्या बदलल्या, आणि त्याच डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी मेट्रो धावू लागली. आता मागायला हव्यात त्या भरपूर बसगाड्या, चालता येतील असे पदपथ आणि सायकलसाठी वेगळी वाट. ही मागणी करताना आपण गाडीवाल्यांनी मागे राहू नये, कारण त्या पदपथावरून चालणारा आपल्या वाट्याचा धूर खातो आहे.

 गणपती बाप्पा मोरया!