नारूचा धडा



‘नारू’ हा शब्द आजच्या शाळकरी मुलांच्या कानावरूनही गेला नसेल. गावातील वडीलधाऱ्यांना मात्र तो चांगलाच स्मरतो. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा, सुमारे एक मीटर लांबीचा जंत डोके वर काढी. काडीला गुंडाळून तो दररोज थोडाथोडा ओढून काढावा लागे. त्यात कित्येक आठवडे जात आणि ऐन हंगामात घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळून राही.

हा रोग पिण्याच्या पाण्यातून येई. पायऱ्यांच्या विहिरीत रुग्ण उतरला की त्याच्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात मिसळत. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव त्या गिळी. ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होई. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते, आजही नाही.

तरीही भारताने त्याचे उच्चाटन केले. १९८४ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण होते. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करण्यात आल्या, हातपंप बसले, पाणी कापडाने गाळण्याची सवय घरोघरी लावण्यात आली. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात अखेरचा रुग्ण आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगात १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ साली अवघे १५ उरले.

पाणी दूषित कसे होते हे गावाला उमजले, म्हणूनच हे घडू शकले. हातपंप बसविणे हे त्यातील निम्मे काम होते.

पटकी, हगवण व विषमज्वर यांचा मार्ग मात्र निराळा आहे. त्यांचे जंतू मानवी विष्ठेतून पाण्यात येतात आणि कापडाने गाळून जात नाहीत. तेव्हा पाणीपुरवठा आणि शौचालय ही दोन कामे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. विहिरीलगत शोषखड्डा असेल किंवा फुटकी जलवाहिनी गटारातून जात असेल, तर नळाचे पाणीही घातक ठरते.

१९७७ साली अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे झालेल्या परिषदेनंतर १९८१ ते १९९० हे जलपुरवठा व स्वच्छता दशक म्हणून पाळले गेले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. तथापि २०२४ साली जगातील सुमारे २१० कोटी लोक सुरक्षित पाण्यास आणि ३४० कोटी लोक सुरक्षित स्वच्छता-व्यवस्थेस वंचित होते.

हे आकडे मोठे आहेत. त्यांवरील उपाय मात्र गावातूनच सुरू होतो. टाकीत विरंजक चूर्ण नियमित पडते की नाही, हे पंचायत सदस्यांनी स्वतः पाहावे. शाळेतील पिंपातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घेतले जावे, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. योजना पूर्ण झाल्याची नोंद करताना पाण्याच्या तपासणीचा अहवाल अधिकाऱ्यांनी आवर्जून मागावा. औषधावाचून नारू हटविणाऱ्या गावांना हे अवघड नाही.