मालक कोण, हे विचारूया
(मिहानमधील महिला सुरक्षा रक्षकांच्या बैठकीतील भाषण)



‘तुमचा मालक कोण?’ असं विचारलं की गेटवरच्या बाया सांगतात, ‘सुपरवायझर साहेब.’ फसवणूक इथूनच सुरू होते.

एजन्सीमार्फत लागलेल्या रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून स्वतंत्र कायदा आहे. ज्या कंपनीचं गेट तुम्ही सांभाळता, ती मुख्य मालक. तिने पगार आणि त्यावरची लेव्ही सुरक्षा रक्षक मंडळात भरायची. मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी द्यायची. एका ठिकाणचं काम सुटलं तरी मंडळातली नोंदणी राहते.

मग एजन्सी मधे कशी? कलम २३ मुळे. एजन्सीकडचे लाभ एकंदरीत मंडळापेक्षा कमी नसतील, तरच शासन त्या रक्षकांना कायद्यातून सूट देऊ शकतं. २००५ च्या केंद्रीय कायद्याचा परवाना वेगळा. तो दाखवून ही सूट मिळत नाही. आणि सेझ झालं म्हणून कामगार कायदे संपत नाहीत.

लैंगिक छळाबाबतही हेच. २०१३ च्या कायद्यात ठेक्यावरची बाईसुद्धा कर्मचारी आहे. ‘ती एजन्सीची’ म्हणून कंपनीची समिती तिला परत पाठवू शकत नाही.

तेव्हा तीन गोष्टी मागा: सूट आदेशाची प्रत, पगारपत्रक, जादा तासांचा दुप्पट दर. एकटीने मागितलं की पॉइंट बदलतो, नाहीतर ‘उद्यापासून येऊ नको’. म्हणून अर्ज एकच असू द्या आणि त्यावर सह्या सगळ्या पाळ्यांच्या.