उमेशु: बरणीत मुरणारं मद्य

आज बोलू या उमेशुबद्दल. जपानमध्ये जून उजाडला की घराघरांत बरण्या धुऊन उन्हात ठेवतात, अगदी आपल्या लोणच्यासारख्या. फरक इतकाच, की त्यात पडते दारू.

उमे हे फळ. इंग्रजीत त्याला प्लम म्हणतात, पण खरं नातं जर्दाळूशी. हिरवं असताना कैरीसारखं टणक आणि आंबट; कच्चं खात नाहीत. जपानी लिपीत तिथल्या पावसाळ्याचं नावच 'उमे' आणि 'पाऊस' अशा दोन अक्षरांनी लिहितात.

एक किलो उमे, १.८ लिटर शोचू आणि अर्धा ते एक किलो खडीसाखर. फळं धुऊन कोरडी करायची, देठाची बोंडं टोकदार काडीने काढायची, फळं नि खडीसाखर थराथरांनी भरून वरून शोचू ओतायची. बस्स.

पण खडीसाखरच का? बारीक साखर लगेच विरघळते, पाक दाट होतो आणि फळातलं पाणी एकदम खेचलं जाऊन ते सुरकुततं. स्वाद आतच राहतो. खडीसाखर सावकाश विरघळते. तोवर दारू फळात शिरते, आणि मग गोडी वाढेल तसा रस घेऊन बाहेर येते. आपण ज्याला मुरणं म्हणतो, ते हेच. तीन महिन्यांनी पिता येतं, वर्षाने खरी चव लागते.

शोचू घेतात ती ३५ टक्के अल्कोहोलची, कारण फळाच्या पाण्याने ती सौम्य होते. शिवाय कायदा आहे. १९६२ साली घरी उमेशु घालायला मुभा मिळाली, पण दारू किमान २० टक्क्यांची हवी, आणि विकायची नाही. त्याहून हलकी असेल तर बरणीतच आंबून नवं अल्कोहोल तयार होऊ शकतं. सरकारच्या लेखी ते मद्यनिर्मिती, म्हणजे कर आला! द्राक्षांना तर साफ मनाई. मला हा कायदा आवडतो. घरातली रीत त्याने मोडली नाही, फक्त कुंपण घातलं.

आपल्याकडे करून बघायचं मनात असेल, तर आधी आपापल्या राज्याचा अबकारी कायदा वाचा. बडोद्याच्या मंडळींनी नुसतं ऐकावं.

प्यायची रीत सोपी. उन्हाळ्यात बर्फावर किंवा सोड्यात, थंडीत गरम पाण्यात. गोड लागतं म्हणून भराभर पोटात जातं, तेवढं सांभाळा. तळाशी उरलेली फळंही टाकत नाहीत. बिया काढून त्यांचा जॅम करतात. मात्र त्यातही दारू असते, मुलांना देऊ नये.