पाटी लिहायला माणूस हवा



मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे. विज्ञान संग्रहालयात साहित्याच्या विद्यार्थ्याला एक काम आहे, आणि ते त्याने हक्काने मागून घ्यावं, असं मला आज मांडायचं आहे. ते काम म्हणजे तिथली पाटी लिहिणं. प्रत्येक वस्तूशेजारी चार-पाच ओळींचा मजकूर लावलेला असतो ना, ती पाटी.

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनापासून १९७७ साली त्याची सुरुवात झाली, १९७९ साली मुलांसाठी विज्ञान उद्यान झालं आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्र लोकांना खुलं झालं. शाळेच्या सहलीत बहुतेकांनी ते पाहिलेलं असतं. आमच्या मॅडम एम.ए.च्या वर्गाला तिथे घेऊन गेल्या, त्या एक अट घालून: प्रत्येकाने एक वस्तू निवडायची आणि चौथीतल्या मुलासाठी तिची पाटी मराठीत लिहायची. ओळी चारच.

मी कुजबुजीच्या डिश निवडल्या. विज्ञान उद्यानांत त्या हमखास असतात. दोन मोठ्या, खोलगट डिश एकमेकींकडे तोंड करून दूरदूर उभ्या असतात. एकीजवळ तोंड नेऊन तुम्ही हळूच बोललात, तर पार पलीकडच्या डिशजवळ कान लावून उभ्या असलेल्या मैत्रिणीला ते स्पष्ट ऐकू येतं. मधून मुलं आरडाओरडा करत जात असतात, तरीही.

आता हे लिहायचं कसं? उघड्यावर बोललेला शब्द चारी दिशांना पसरतो आणि पसरता पसरता क्षीण होतो. डिशला मात्र एक ठरावीक बिंदू असतो, तिच्यासमोर कडं लावून दाखवलेला. तिथून निघालेला आणि डिशवर आदळलेला आवाज पसरत नाही. सगळा एकाच दिशेने, सरळ समोर जातो. समोरची डिश तो झेलते आणि आपल्या बिंदूपाशी पुन्हा गोळा करते. इथवर पाठ्यपुस्तकातही मिळतं. मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. आवाज डिशच्या कडेवर आदळून गेला काय किंवा मध्यावर आदळून गेला काय, त्या बिंदूपासून पलीकडच्या बिंदूपर्यंतचं अंतर प्रत्येक वाटेने सारखंच भरतं. त्यामुळे आवाजाचे सगळे तुकडे एकाच क्षणी पोचतात, आणि म्हणून शब्द अखंड राहतो. नुसता मोठा आवाज पोचवायचा असता तर कदाचित ओबडधोबड आकारानेही थोडंफार भागलं असतं. शब्द पोचवायचा, तर आकार नेमका लागतो. साहित्य शिकणाऱ्या मुलीला यात किती जवळचं काही सापडलं, हे मी वेगळं सांगायला नको.

मग मी लिहिलं ते असं: ‘समोरच्या कड्याजवळ तोंड आणा आणि हळू बोला. तुमचा आवाज या डिशवर आदळून सरळ पलीकडच्या डिशकडे जातो आणि तिथे पुन्हा एका जागी गोळा होतो. तिथे कान लावलेल्या मैत्रिणीला विचारा, काय ऐकू आलं? आता तिसऱ्या कुणाला तरी मधे, थोडं बाजूला उभं करा आणि त्याला किती ऐकू आलं ते विचारा.’

या चार ओळींनी माझी जी तालीम घेतली, ती वर्गातल्या कुठल्याही निबंधाने घेतलेली नाही. कथेत लेखकाला खोटं पाडायला शेजारी कुणी उभं नसतं. इथे वस्तू शेजारीच उभी असते, आणि वाचणारं मूल तुमचं वाक्य लगेच करून बघतं. ‘अद्भुत’, ‘किमया’ हे शब्द इथे चालत नाहीत. क्रियापदं लागतात, तीही नेमकी. आदळतो, जातो, गोळा होतो. जे मला कळलेलं नाही ते मला लिहिताच येत नाही, हा अनुभव इतका स्वच्छ मी दुसरीकडे कुठे घेतलेला नाही.

साहित्य आणि विज्ञान हे दोन विषय आपल्याकडे एका माणसाच्या टेबलावर नांदत होते. बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ‘दर्पण’कार म्हणून माहीत असतात. १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं, ते मराठी वाचकाला भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय सांगण्यासाठी. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांनी सांभाळली, आणि १८४५ साली शिळाछापावर ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती काढली तीही त्यांनीच. आकाशाच्या नोंदी ठेवणं आणि ओवीचा पाठ ठरवणं, दोन्हींत अक्षर अन् अक्षर तपासावं लागतं. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नसावं.

नंतर वाटा फुटल्या. विज्ञानाकडून साहित्याकडे मात्र लोक येत राहिले. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये. तिला बक्षीस मिळालं. उलट दिशेने, साहित्याकडून विज्ञानाकडे जाणारी एक खूण पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतली मुलांची विज्ञान शोधिका ज्या ‘पुलस्त्य’ वास्तूत भरते, ती पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून उभी राहिली. देणगी गेली, ती मोठीच गोष्ट झाली. आता लिहिणारी माणसंही जायला हवीत. मराठी विभागांनी अभ्यासक्रमात चरित्र, प्रवासवर्णन ठेवलं आहे, तशी ही पाटीही ठेवावी, इतकं माझं म्हणणं आहे.

माझी पुढची पाटी ठरली आहे. होकायंत्राची. सुई उत्तरेकडे वळते एवढं सगळ्याच पाट्या सांगतात. मला सुईशेजारी बसलेल्या माणसांबद्दल लिहायचं आहे. कुलाब्याला १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर झगझगीत उद्रेक दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्यातले निरीक्षक सुईची जागा पाहून हाताने वहीत आकडे लिहीत होते. त्या वादळाचा जोर किती होता याचा हिशोब शास्त्रज्ञांनी आपल्या काळात मांडला, तेव्हा त्यांना आधार झाला त्या कुलाब्याच्या हस्तलिखित आकड्यांचा. जुनी पोथी लावून वाचायचं शिक्षण आम्हाला मिळतं. या वह्या आमच्याही आहेत.

आणि मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय नोंदींचं काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं. तिथली इमारत चुंबकाचा परिणाम न होणाऱ्या दगडाची बांधली. १९०४ साली अलिबागला काम सुरू झालं, आणि १९०६ सालापर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, कुलाब्याचे जुने आकडे आणि अलिबागचे नवे एकमेकांना जुळवता यावेत म्हणून. ट्राम सुरू झाली १९०७ साली. हे सगळं चार ओळींत बसवायचं आहे, आणि ‘चुंबकीय क्षेत्र’ हा शब्द चौथीतल्या मुलाला न घाबरवता कुठे आणायचा, ते अजून ठरायचं आहे.