चित्रांना पाय फुटतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी अमरावती येथे झालेले भाषण)



'मोशन ग्राफिक्स' म्हणजे काय हो, असे मघाशी दोघींनी मला विचारले. अकोल्याच्या लग्नाची पत्रिका फोनवर येते, तिच्यात वधूवरांची नावे सरकत येतात, तोरण हलते, अक्षता पडतात; तेच ते.

चित्र काही खरोखर हलत नाही. सेकंदाला चोवीस-पंचवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून गेली, की डोळा फसतो. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो रोप पाहता पाहता वाढले! भांडवल देणाऱ्यांना त्यानेच पटविले. पुढे १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, असे चालले. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. ते सरस्वतीबाई फाळके करीत. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. त्यांचे नाव आपण किती वेळा घेतो?

आता संगणकावर 'आफ्टर इफेक्ट्स'सारखी साधने आहेत. 'ब्लेंडर' तर फुकट मिळते. वस्तूची पहिली जागा आणि शेवटची जागा आपण खुणावून द्यायची, मधली सारी चित्रे यंत्र भरते. पण यंत्र ती पुष्कळदा एकसारख्या वेगाने भरते. आपला झोका मात्र दोन्ही टोकांना मंदावतो, मध्ये वेग घेतो. ते सांगितले नाही, तर पडद्यावरचा झोका करवतीसारखा दिसतो. हे ओळखायला नजर लागते, आणि झोका पाहिलेली नजर आपल्याकडे पुष्कळ आहे.

आपल्या मंडळातील एक मुलगी हे काम शिकली आहे. रात्री उशिरापर्यंत जुन्या फोनवर पत्रिका करते, अन् घरचे म्हणतात, पोरगी खेळत बसते. लोक तिला पैसे देतात, हे त्यांना खरे वाटत नाही.

यंदाच्या निधीतून आपण दोन शिवणयंत्रे घेणार आहोत. शिवणयंत्राला मी कमी लेखत नाही. माझे घर त्याच्यावरच चालले. तरी एक यंत्र घ्यावे आणि दुसऱ्याच्या पैशांत, थोडी भर घालून, संगणक घ्यावा, असे माझे मत आहे. ती मुलगी इतर मुलींना शिकवायला कबूल आहे. मागची खोली रिकामी आहे. मात्र वैशाखात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्चही रविवारच्या बैठकीत आताच धरावा.