सरासरीत न दिसणारं शेत



छत्रपती संभाजीनगरात आलाच आहात, तर पाणचक्की पाहा, नान-खलिया चाखा. पण उद्या वाट वाकडी करून पैठणला जाच. मराठवाड्यातल्या परिषदा म्हणजे दुष्काळाची चर्चा, हे समीकरण सप्टेंबर २०२५मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरीला पूर आला तेव्हा मोडलं. त्याच पुराने पीकविम्याच्या मोजमापाचा प्रश्नही समोर आणला.

पीकविम्यासाठी परिसराची सरासरी धरावी, हा विचार डॉ. वि. म. दांडेकरांनी १९७६मध्ये मांडला आणि १९८५च्या देशव्यापी योजनेने तो उचलला. शेतागणिक नुकसान मोजणं परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं आजही खोडता येत नाही. दुष्काळात सरासरी चालूनही जाते. पाऊस रुसला की अख्ख्या महसूल मंडळावर रुसतो. पूर तसा नसतो. तो काठावरचं रान खरडून नेतो, माळावरचं सोयाबीन तसंच उभं राहतं. पीक कापणी प्रयोगाची सरासरी भरपाईसाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाच्या वर गेली, की काठावरच्याच्या हाती विम्याचा छदामही नाही. मंडळातलं पर्जन्यमापक तर पडलेला पाऊस मोजतं. नाशिक-अहिल्यानगरकडून आलेलं पाणी त्याच्या गावीही नसतं.

राज्याने २०२३च्या खरिपात एक रुपयात विमा दिला. अर्जांचा पाऊस पडला, त्यात बोगसही निघाले. २०२५च्या खरिपात योजना गुंडाळली, सोबत स्थानिक आपत्तीचं, म्हणजे शेतागणिक पाहणीचं, संरक्षणही काढलं. आणि त्याच खरिपात पूर आला! हप्ता कोणी भरायचा यावर आपण हमरीतुमरीवर आलो. नुकसान मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र कृषी सहायक आणि तलाठ्यावर सोडून दिला.

ऑक्टोबर २०२५मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं होती. मला या दुसऱ्या भागाचं मोल अधिक वाटतं. पीकविमा पिकाचा असतो, मातीचा नसतो. माती परत आणणं हे सरकारचंच काम. १९७२च्या दुष्काळात सरकारच्या दुष्काळी कामांनी याच भागातली माणसं जगवली होती. पण माती परत आणायची ही तरतूद पूर ओसरल्यावर सुचावी का? नदीकाठाची गावं, त्यांचे गट नंबर आधीच ठरवून ठेवता येतात. त्याला कंपनी लागत नाही, निविदाही लागत नाही.

विमा कंपन्यांच्या पाहुण्यांना एक विनंती. जेवणाच्या सुट्टीत गोदाकाठच्या शेतकऱ्यांच्या पंगतीला बसा. ते सातबारा घेऊन आले आहेत.