‘तत्क्षणीं’चें ‘थोड्या वेळानें’ कसें झालें ?

‘साहेब प्रेझेंट्ली येतील’ असें नोकरानें सांगितलें, कीं इंग्लंडांतील पाहुणा खुर्ची ओढून स्वस्थ बसतो. या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘थोड्या वेळानें’ हें त्याला ठाऊक असतें. परंतु शब्दाचें कूळ पाहूं गेल्यास नवल वाटतें. लॅटिन ‘प्रेसेन्स’ म्हणजे समोर हजर असलेला. त्यापासून फ्रेंचच्या द्वारें ‘प्रेझेंट’ हा शब्द इंग्रजींत आला आणि ‘ली’ प्रत्यय लागून हें क्रियाविशेषण सिद्ध झालें. सोळाव्या शतकांत त्याचा अर्थ ‘तत्क्षणीं’ असा होता. जो हजरच आहे त्याला विलंब कसला ?

१६११ च्या इंग्रजी बायबलांत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायांत, येशूनें शापिलेलें अंजिराचें झाड ‘प्रेझेंट्ली’ वाळलें, असें वर्णन आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तत्काळ’ असाच आहे. परंतु पुढील काळांतील वाचकाला तें झाड सावकाश सुकलें असें वाटूं लागलें, तर त्यांतील चमत्कारच नाहींसा व्हावा ! १८८१ च्या सुधारित भाषांतरांत तेथें ‘इमीजिएट्ली’ हा शब्द आला.

ही गति या एकाच शब्दाची झाली असें नाहीं. आज ‘लवकरच’ या अर्थानें वापरला जाणारा ‘सून’ प्राचीन इंग्रजींत ‘तत्काळ’ याच अर्थाचा होता. ‘अनॉन’ म्हणजे मुळांत ‘एकांत’, अर्थात् एकाच क्षणांत. पण १५९८ सालीं छापलेल्या शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत मद्यगृहांतील पोऱ्या फ्रान्सिस काय करतो ? राजपुत्र त्याला बोलण्यांत गुंतवतो, पलीकडच्या खोलींतून हाका येतात, आणि प्रत्येक हाकेला हा ‘अनॉन’ म्हणत जागच्या जागीं उभा राहतो !

दोष शब्दांचा नव्हे. ‘तत्क्षणीं’ म्हणून सांगावें आणि सवडीनें यावें, असें पिढ्यान्‌पिढ्या घडलें. ऐकणाऱ्यांनीं अनुभवावरून अर्थ ठरविला. मराठी घरांत उंबऱ्याबाहेर पडणारा ‘हा आलोंच’ म्हणून जातो, तेव्हां आंतलीं माणसेंही त्याचें ताट लगेच वाढीत नाहींत.

‘इमीजिएट्ली’ याचा मूळ अर्थ ‘मध्यें कांहीं नसतां’. त्या शब्दाचें तेज अद्याप टिकून आहे. तें किती काळ टिकेल, हें कोशकारांच्या नव्हे, तर तो उच्चारून वेळेवर येणाऱ्यांच्या हातीं आहे.